थोरलीचा दाखला

शतक संपत आलं तेव्हा नगरपालिकेला शतकाएवढीच एक बाई हवी होती. चौकातल्या दगडावर तिचं नाव कोरायचं होतं. कारकुनाने नोंदी चाळून सूतगिरणीतून निवृत्त झालेली आजी शोधली. जन्म एकोणीसशे साल, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

तो फॉर्म घेऊन घरी आला. लेकीने ठेवणीतले कप काढले. आजीने फॉर्म वाचून घेतला आणि सांगितलं, "ही नोंद माझी नाही. थोरल्या बहिणीची आहे."

चौदा साली लढाई लागली, पुरुष गेले आणि गिरणीने मुलींना दार उघडलं. अट एकच, चौदा वर्षं पूर्ण. वडील दोघी मुलींना घेऊन शहरात आले. थोरली चौदाची, धाकटी अकराची. आठवडाभरात थोरली घटसर्पाने गेली. शेजाऱ्यांना अजून दोघींतला फरकही कळला नव्हता. वडिलांनी कचेरीत धाकटी गेल्याचं नोंदवलं आणि थोरलीचा दाखला धाकटीच्या हातात दिला. उंची कमी पडली म्हणून मुकादमाने तिच्या पायाखाली खोकं सरकवलं. वय विचारलं नाही.

शेजारणी समाचाराला आल्या, धाकटी किती गुणाची होती ते सांगून गेल्या. इतकं कौतुक पुढे तिच्या वाट्याला कधी आलं नाही. थोरलीसाठी मात्र रडायचीही चोरी.

मग कागद पुढे आणि बाई मागे, असा संसार चालला. नवरा कागदोपत्री दोन वर्षांनी लहान ठरला आणि तो टोमणा जन्मभर ऐकत राहिला. दुसऱ्या लढाईत चाळिशीच्या आतल्या बायकांना सक्तीने दारूगोळ्याच्या कारखान्यात नेलं. ही अडतिसाची, पण कागदावर एक्केचाळीस. तिच्या खात्यातल्या सहा जणी गेल्या. स्फोटानंतर एक परत आली.

"आई, आता कशाला हे?" लेक म्हणाली. "चौकात नाव लागतंय."

"कुणाचं?"

कारकून माणूस वाईट नव्हता. त्याने समजावलं, की दुरुस्ती केली तर सत्कार गेला. शिवाय आजी स्वतः तर चौदा सालीच वारलेल्या.

"मला जिवंत कर नाहीतर राहू दे," आजी म्हणाली. "पण ती गेली, एवढं लिही. पंच्याऐंशी वर्षं कामावर आहे ती. सुट्टी दे तिला आता."

लेकीने कप जरा आपटूनच उचलले. कारकुनाने सत्काराचा फॉर्म पिशवीत घातला आणि दुसरा कागद काढला. मृताचं वय विचारलं.

"चौदा."

"कारण?"

"घटसर्प. वडील डॉक्टरला आणायला गेले होते, जवळ मी एकटीच. गिरणीचा पाचाचा भोंगा संपेपर्यंत तिने माझा हात धरला होता."

"वेळेचा रकाना नाही, आजी."

"मग समासात लिही."

त्याने पेन झटकलं आणि समासात, बारीक अक्षरात, पाच वाजता असं लिहिलं. आजीने तो कागद स्वतःकडे ओढून घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही.