शेवटची खुर्ची

"नीट बघा. डावीकडच्या रेषेएवढी उजवीकडली कोणती? अ, ब की क?" मानसशास्त्राच्या वर्गात वायाळ सरांनी नजरेच्या प्रयोगाचा पुठ्ठा वर धरला.

"ब," पहिल्या खुर्चीवरची ज्योत्स्ना म्हणाली. पुढच्या मुलीही एकापाठोपाठ एक 'ब' म्हणत गेल्या.

शेवटच्या खुर्चीवर दैवशाला बसली होती. तिला क दिसत होती. धडधडीत क. तिने डोळे चोळले. शेजारची अक्षता काय म्हणते इकडे तिचं लक्ष होतं.

"ब," अक्षता म्हणाली.

"बोला की मावशी जल्दी. बस जाईल माझी," ज्योत्स्ना खिदळली.

"ब," दैवशाला म्हणाली.

पुढच्या पुठ्ठ्यालाही तेच झालं. त्याच्या पुढच्यालाही.

मुलीचं लग्न लावून दिल्यावर दैवशालाने मंठ्याच्या कॉलेजात बीएला नाव घातलं होतं. अक्षता तिच्याच गल्लीतली. "मावशी, मानसशास्त्र घ्या, मी हाये की शेजारी," असं म्हणून तीच तिला घेऊन आली होती. वर्गातली पोरं पहिल्या दिवशी पालक समजून उठून उभी राहिली, तेव्हा अक्षतानेच तिला हाताला धरून बाकावर बसवलं.

गेटाबाहेर पडल्यावर दैवशालाने तिला थांबवलं. "अक्षे, खरं सांग. ती 'ब'च होती का गं?"

"'ब'च होती की. चष्मा लावा आता मावशी," अक्षता म्हणाली आणि चप्पल नीट करायला खाली वाकली.

त्या दुपारी दैवशाला बियाण्याच्या प्लॉटवर गेली. बरीच वर्षं ती सरकीच्या संकराचं काम करत होती. दुपारनंतर मादी ओळीतल्या कपाशीच्या कळ्या नखाने सोलायच्या, आतले पिवळे परागकोश काढून टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना नराच्या फुलाचा पराग लावायचा. आत एखादा कण जरी राहिला तरी त्या बोंडाचं बी भेसळीचं होतं. नव्या बायकांच्या कळ्या मुकादम कडूबा दैवशालाकडून तपासून घ्यायचा.

त्या दिवशी तिने एक कळी सोलली आणि तशीच हातात धरून बसली. मग उठून कडूबाकडे गेली.

"माझ्या ओळी मालनबाईला द्या. मी खुरपायला जाते."

"काहून? हात दुखून राह्यला का?"

"नजर गेली माझी. भेसळ झाली तर तुमचं नाव जाईल."

"तुझी नजर?" कडूबा हसला. ती हसली नाही, तेव्हा त्याने मालनबाईला हाक मारली.

प्रयोग झाला की खरं सांगायचं असतं, पण वायाळ सर दुसऱ्या दिवसापासून परीक्षेच्या ड्यूटीवर गेले आणि ते राहून गेलं. परत आल्यावर त्यांनी भर वर्गात दैवशालाला उभं केलं.

"ताई, तुमची नजर एकदम बरोबर होती. उत्तर क होतं. बाकीच्या सगळ्या माझ्या साथीदार होत्या, त्यांना चुकीचंच उत्तर द्यायला सांगितलं होतं. ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला आधी सांगितलं, तर समूहाचा दबाव मोजता येत नाही. टाळ्या वाजवा ताईंसाठी."

टाळ्या वाजल्या. दैवशाला उभीच होती.

"सर, मलाच का घेतलं?"

सरांनी फळा पुसायला घेतला. "अक्षता म्हणाली, मावशीचा माझ्यावर फार विश्वास आहे. प्रयोग जमेल."

तास सुटल्यावर अक्षता तिच्या मागे पळत आली. "मावशी, रागावल्या का? सरांनी बजावलं होतं, बाहेरसुद्धा सांगायचं न्हाई म्हणून. सगळा प्रयोग खराब झाला असता."

"वर्गात तू ब म्हणलीस, ते प्रयोगाचं होतं," दैवशाला म्हणाली. "गेटापाशी मी तुला प्रयोगाचं विचारलं न्हवतं, अक्षे. माझ्या डोळ्याचं विचारलं होतं. त्यापायी प्लॉटवरच्या ओळी सोडल्या मी."

"मी कडूबामामाला सांगते ना..." अक्षता पुटपुटली.

"राहू दे."

प्लॉटवर कडूबाला तिने स्वतःच सांगितलं, "नजर बराबर हाये माझी."

"आठ दिवसांत आली व्हय माघारी? कोणता डॉक्टर गाठला?" त्याने पंजा वर केला. "किती बोटं?" बायका खळखळून हसल्या. मग त्याने तिला कडेची एक ओळ दिली. नव्या बायकांच्या कळ्या मात्र मालनबाईच तपासत राहिली.

दैवशालाने कळी धरली. नख फिरलं, पाकळ्यांची टोपी निघाली, पिवळे कण खाली पडले. मधला दांडा स्वच्छ, पांढरा दिसत होता. पूर्वी असा दिसला की तिचा हात आपोआप पुढच्या कळीवर जायचा.

"मालनबाई, बघ गं. राहिलं का काही?"

मालनबाई वाकली. "काईच न्हाई. चकाचक हाये."

दैवशालाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मालनबाई आपल्या ओळीकडे वळली, तेव्हा दैवशाला ती कळी उन्हाकडे फिरवून पुन्हा पाहत होती.