दोष रुद्रच्या कागदाचा

“आदेशदादा, खरं सांगजो. वाकडा तुझा रुद्र आहे, का तू?”

मित्रांनो, हा प्रश्न मयुरीने विचारला तेव्हा मी चिवड्याच्या ताटलीखाली दबून पडलो होतो. प्रश्न तिच्या तोंडून आला खरा, पण त्यामागे पैज होती. तिची मैत्रीण नलू आणि वर्गमित्र रुपेश यांनी तिला डिवचलं होतं, “तू नाईच विचारणार त्याले!” तिने विचारलं. आणि मी कान टवकारले. कारण रुद्र म्हणजे मीच, आणि इतके महिने या घरात प्रत्येक बोट माझ्याकडेच वळत आलं होतं.

मी एक जुना कागद आहे. वयाने नाही हो, वापराने जुना! वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत मयुरीच्या बाबांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. एका पत्रिकेत नवरदेवाचं नावच चुकलं आणि अख्खा गठ्ठा बाद झाला. त्या गठ्ठ्यातला मी. एका बाजूला सोनेरी गणपती, दुसरी बाजू कोरी. रद्दीतच जायचो, पण मयुरीने मला उचललं. तिला खेळासाठी जाड कागद हवे होते.

हा खेळ ती नागपूरच्या मावसबहिणीकडे शिकून आली होती. यात पट नसतो, सोंगट्या नसतात. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. राक्षसाशी लढायचं की पळायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. जमलं की नाही, ते फासा सांगतो. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. त्यावर नाव, ताकद, सामान आणि स्वभाव लिहितात. वर्गात कधी हात वर न करणारी मयुरी गोष्ट सांगायला बसली की अशी काही रंगायची, की शेजारच्या सुमित्राबाई भाजी निवडायला मुद्दाम दारात येऊन बसत.

नलू झाली बिजली नावाची धनुष्यवाली. रुपेश झाला घनश्या लोहार. आणि तिसरा होता आदेश, मयुरीच्या आत्याचा मुलगा. तो नाचणगावचा, अकरावीतला. दर रविवारी वर्ध्याला क्लासला यायचा आणि दुपारी मामाकडे जेवायचा. आईनेच सांगितलं, “दादाले पण घ्या ना. एकटा बसून काय करीन तो?”

“दादा, तुझ्या पात्राचा स्वभाव काय लिहू?” मयुरीने विचारलं.

“लिही काईपण.”

मग तिने तिच्या सुंदर अक्षरात लिहिलं, ‘रुद्र. एकटा चालतो. कोणावर भरवसा ठेवत नाही.’ वा! मला वाटलं, आपलं नशीब उघडलं. कुठे रद्दीचा गठ्ठा आणि कुठे हा शूर वीर!

पहिल्याच रविवारी सगळे गोष्टीतल्या गढीत शिरले आणि रुद्र झाडाखाली बसून राहिला. त्याची मनधरणी करण्यात दुपार संपली. पुढे त्याने घनश्याचा हातोडा चोरून नदीत फेकला.

“काऊन बे?” रुपेश ओरडला.

“मी काय करू? रुद्र तसाच आहे. पाह्य, कागदावर लिहिलं आहे.” आणि आदेशने माझ्यावर बोट आपटलं. मग हे दर रविवारचंच झालं. ‘एकटा’ या शब्दापाशी मी झिजून पातळ झालो. सगळे माझ्याकडे अशा नजरेने पाहत, जणू मीच चोर.

मग तो रविवार आला. बिजली कोरड्या विहिरीत पडली.

“दादा, दोर टाक ना,” नलू म्हणाली. “तुझ्याचपाशी आहे.”

“रुद्र कोणासाठी थांबत नाई.”

“दादा, मरीन ना ती!” नलू कळवळली.

“मंग मरू दे. कागदावर काय लिहिलं आहे?”

मित्रांनो, तो पन्नास हात दोरही माझ्यावरच लिहिलेला होता. ‘सामान’ या शब्दापुढे, ठळक अक्षरात. त्या ओळीवर त्याचं बोट का गेलं नाही? नलूने बिजलीचा कागद चार घड्या घालून दप्तरात ठेवला. त्यानंतर ती आली नाही.

मयुरीने दोष मला दिला. “असा स्वभाव लिहायलेच नाई पायजे होता,” ती रुपेशला म्हणाली. तिने आदेशसाठी नवा कागद केला. त्यावर एक वैद्य होता आणि स्वभाव होता, ‘सगळ्यांना मदत करतो’. मी चिवड्याच्या ताटलीखाली गेलो. तेलाचे डाग अंगावर घेत मी विचार करायचो, खरंच का मी इतका वाईट?

दोनच रविवार गेले. घनश्याला साप चावला.

“वैद्यबुवा, औषध द्या लवकर,” रुपेश म्हणाला.

“माझा वैद्य पारखून औषध देते. घनश्या लायक नाई.”

“अबे, पण लिहिलं आहे ना, सगळ्यांना मदत करतो!”

“लिहिल्यानं काय होते?” आदेश म्हणाला.

लिहिल्यानं काय होते! इतके महिने माझ्या छातीवर बोट आपटणारा तोच हा. ताटलीखाली मी निर्दोष सुटलो, पण माझी माफी मागायला कोणी आलं नाही.

मयुरीने हे शाळेत नलूला सांगितलं. नलू म्हणाली, “मंग विचार त्याले, तोंडावर. विचारलं त मी परत येतो.” “तू नाईच विचारणार,” रुपेशनेही डिवचलं. पैज ती हीच.

आणि आज मयुरीने विचारलं. आदेश हसला.

“अबे, खेळ आहे हा! एवढं काय मनाले लावून राह्यले?” मग तो स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, “मामी, पाहा बरं, घरी बोलावून तुमची पोरगी इज्जत काढून राह्यली!” त्याने ताटलीखालून मला ओढलं, माझ्यावर हात पुसले आणि मला कोपऱ्यात भिरकावलं.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. आमच्यावर हवं ते लिहा, राक्षस लिहा, चोर लिहा. पण कागदाला हात नसतात. दोर फेकायचा की गुंडाळून ठेवायचा, हे आम्ही ठरवत नाही. तेवढं तरी आमच्या नावावर टाकू नका.

आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. बाबाही आले. “दादाले असं बोलतेत का?” आई म्हणाली. “पाहुणा आहे तो. सॉरी म्हण त्याले.”

“म्हणून टाक बेटा,” बाबा म्हणाले. “आत्याले काय वाटीन?”

मयुरीचे कान लाल झाले होते. एरवी तिने मान खाली घालून सॉरी म्हटलं असतं. आज ती उठून उभी राहिली.

“नाई म्हणणार. आई, बाबा, ऐका. पुढच्या रविवारपासून खेळ नलूच्या घरी होईन, अन् गोष्ट मीच सांगीन. दादाले जेवायले बोलवा, वाढीन बी मीच. पण खेळात तो नाई. आत्याले फोन मी करतो, आत्ताच.”