आत्मारामचे सर्वतोपरी प्रयत्न

"नारळ पडला नव्हता, साहेब," साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून आत्माराम आडिवरेकर म्हणाला, आणि टायपिस्टबाईंची बोटं थांबली. बाई राजापूरकडच्या, त्यांना कळलं. न्यायाधीश लातूरचे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. कोणता नारळ, आणि तो कुठून पडायचा होता?

दावा लावणाऱ्या कोळंबी कंपनीचे वकील उन्मेष यांनी खुलासा केला. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात, त्याआधी साक्षीदाराच्या गावात कोणी होडी बाहेर काढत नाही. सांगताना चेहरा असा, की या गृहस्थाने जन्मात नारळ पाहिलेला नाही. उन्मेष यांच्या स्वतःच्या परसात सतरा माड होते.

"सरकारी बंदी एकतीस जुलैला संपली," ते आत्मारामकडे वळून म्हणाले. "करारात लिहिलंय, एक ऑगस्टपासून कोळंबी पोचवायला तुम्ही सर्वतोपरी प्रयत्न कराल. आणि तुम्ही तीस तारखेपर्यंत घरी बसलात."

घरी बसायचं कारण अधिक महिना. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात कंपनीच्या थंडगार ऑफिसात आत्मारामने सही केली, तेव्हा त्याचा हिशेब सरळ होता: नारळी पौर्णिमा फार तर ऑगस्टच्या मध्यावर, मधले दिवस कंपनी सांभाळून घेईल. ज्या माणसाला पुढच्या पंधरवड्याची भरती-ओहोटी तोंडपाठ, त्याने स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर मात्र पाहिलं नाही. त्या साली श्रावण दोन आले. पौर्णिमा गेली थेट तीस ऑगस्टला. गावात जावयांना अनारसे मिळाले आणि आत्मारामला नोटीस. पुढे कंपनीने दावा लावला. हरला तर भरपाईपायी त्याची मासेमारीची लाँच जाणार होती. घरात दुसरं विकण्यासारखं काही नव्हतं.

त्याची वकील मृणाली वयाने त्याच्या मुलीएवढी. तिने त्याला हा 'सर्वतोपरी' नीट फोडून सांगितला होता. कोर्टं या शब्दांचा अर्थ दोन्ही बाजूंनी ताणून बघतात, काका. कोळंबी आणलीच पाहिजे, अशी हमी तुम्ही दिलेली नाही. पण हात राखूनही चालत नाही. स्वतःचं काम अडलं असतं तर शहाण्या माणसाने जेवढं केलं असतं, तेवढं सगळं करायला हवं. स्वतःचा सत्यानाश करून घ्या, असं मात्र कोर्ट म्हणत नाही. मग तिने विचारलं, त्या महिनाभरात तुम्ही काय काय केलंत?

त्याच्या पिशवीतले कागद चाळताना मृणालीला जयगड बंदरातली डिझेलची पावती सापडली. तारीख बारा ऑगस्ट.

त्याचं झालं असं. कंपनीचा माणूस रोज फोन करायचा. अकरा तारखेला आत्मारामने गावात सांगितलं, इंजिनाचं काम आहे, लाँच जयगडला नेतो. बाराला तिथून दोन नेपाळी खलाशी घेऊन तो नारळाशिवाय मासेमारीला बाहेर पडला. समुद्र अजून पावसाळ्यातलाच होता. दुसऱ्या ओढीला जाळं खडकात अडकून फाटलं, लाँच आडवी होता होता राहिली. कोळंबीचं एक शेपूट हाती लागलं नाही. खलाशी पुढे नेपाळला निघून गेले. तीस तारखेला आत्माराम गावच्या खाडीवर उभा राहिला आणि पाच पिढ्यांच्या मानाप्रमाणे गावाचा पहिला नारळ त्यानेच समुद्राला दिला. त्या घराण्याच्या हाताला यश असं की त्याच्या आजोबांनी टाकलेला नारळ थेट मस्कतला लागला आणि तिथल्या माणसाने उलट टपाली आभार कळवले. गावात हे सांगतात आणि कोणी हसत नाही.

एवढंच असतं तर आत्मारामने पावती हसत हसत पुढे केली असती. पण त्याच ऑक्टोबरात त्याच्या बायकोचा, सगुणाचा धाकटा भाऊ विनीत होडीसकट गेला. फळी सापडली, माणूस नाही. गावाने कारण शोधलं आणि गावाला ते लगेच सापडलं: कोणीतरी नारळाआधी समुद्र उष्टा केला. कोण, ते कळेना. सगुणा चुलीपुढे बसून त्या अनोळखी माणसाला शिव्या घालायची, आणि आत्माराम पलीकडे बसून भात कालवायचा. आपल्यामुळेच झालं, असं त्याला वाटायचं का? दिवसा नाही वाटायचं.

"ही पावती नको," तो मृणालीला म्हणाला होता.

"काका, हीच तर तुमची बाजू. रूढी पाळली हा बचाव टिकायचा नाही, करारात रूढीचं नाव नाही. रूढी मोडून गेलात, हा टिकेल."

"लाँच गेली तरी चालंल."

पण चालणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आता उन्मेष शेवटच्या प्रश्नाकडे आले. मागच्या बाकावर सगुणा डबा मांडीवर घेऊन बसली होती. नवरा कोर्टात उपाशी राहील म्हणून पहाटेच्या गाडीने बरोबर आलेली.

"माझं म्हणणं असं," उन्मेष म्हणाले, "की त्या तीस दिवसांत तुम्ही मासेमारीसाठी एकदाही समुद्रात गेला नाहीत. प्रयत्न असा काही केलाच नाही."

आत्मारामने कठड्यावर हात ठेवला. एकसष्ट वर्षांत त्याला आळशी, कामचुकार असं कोणी म्हटलं नव्हतं. त्याने मागे पाहिलं नाही.

"एकदा गेलो व्हतो."

"कधी?"

"बारा तारखेक. जयगडातून. नारळाच्या आधी."

मृणाली उठली, परवानगी मागितली, पावती पुढे केली. उन्मेष पावतीच्या शिक्क्यावर बोलले, तारखेवर बोलले, खलाशी कुठे आहेत म्हणून बोलले. टायपिस्टबाईंनी सगळं टाइप केलं, फक्त 'नारळाच्या आधी' हे शब्द टाइप करताना एकदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

निकाल पुढे चार महिन्यांनी लागला, तो आताच सांगून टाकलेला बरा. न्यायाधीशांनी लिहिलं की प्रतिवादीने नुसती रूढीचीच सबब पुढे केली असती तर ती मान्य झाली नसती. परंतु त्याने रूढी बाजूला ठेवली, जीव धोक्यात घातला, जाळं गमावलं. त्यानंतर पुन्हा जा म्हणणं म्हणजे त्याला स्वतःचा नाश करायला सांगणं, आणि 'सर्वतोपरी' या शब्दात तेवढी मागणी बसत नाही. दावा फेटाळला. मृणालीने पेढे वाटले. लाँच वाचली. तिच्यावर चढायला मात्र गावातला एकही खलाशी तयार झाला नाही, आणि पहिल्या नारळाचा मान गावाने दुसऱ्या घराला दिला. त्यासाठी बैठकसुद्धा भरवावी लागली नाही.

पण तो दिवस साक्षीचा. दुपारी कोर्टाच्या आवारात, झाडाखालच्या पारावर आत्मारामला डबा दिसला. झाकण घट्ट लावलेलं, शेजारी पाण्याची बाटली. सगुणा नव्हती. त्याने डबा उघडला नाही, पिशवीत ठेवला आणि स्टँडकडे चालू लागला.

गाडी लागलेली होती. सगुणा पुढे ड्रायव्हरमागच्या सीटवर खिडकीशी बसली होती. शेजारची जागा रिकामी, तिच्यावर तिने आपली पिशवी ठेवलेली. तो जवळ जाऊन उभा राहिला.

"सगुणा."

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"माझ्यान् तां सांगवलां नाय तुका."

"विनीत गेला त्या दिवशी," ती म्हणाली, "तुमी माका धरून बसलाव व्हता."

गाडी सुरू झाली तेव्हा दांडीला धरत धरत तो मागे गेला आणि शेवटच्या सीटवर बसला. पूल आला. खाली खाडीत होड्या ओळीने बांधलेल्या होत्या. दोघांनीही खिडकीतून पाहिलं, वेगवेगळ्या खिडक्यांतून.

कंडक्टर त्याच मार्गावरचा जुना, नवरा-बायकोला ओळखणारा. तिकिटाचं मशीन घेऊन तो पुढून सुरुवात करत सगुणाजवळ आला. एकदा मागे आत्मारामकडे पाहून त्याने बोटांनी दोन अशी खूण केली आणि मशीनची बटणं दाबायला लागला.

"एक," सगुणा म्हणाली. "माझं हाफ."