डावा कान

सकाळी आंघोळ उरकून दर्शना तावडे आरशासमोर बसली की लालबागच्या त्या खोलीतलं सारं घर तिच्या चालीने चालू लागे. आधी केस ओले करून मागे चापून घ्यायचे, मग अंबाड्यावर जाळी, मग काळ्या पिना. एकही बट सुटता कामा नये. नखांवरचा रंग उडालेला नसावा, मोज्यांचा धागा निघालेला नसावा. शेवटी दोन्ही नाकपुड्यांत औषधाचे थेंब. तोवर तिची आई शेवंतीबाई चहा ठेवत, आणि वडील कुशाबा गॅलरीतल्या स्टुलावर बसून, खाली मसाला कांडपाच्या दुकानापाशी विमान कंपनीची गाडी लागते का, ते बघत राही.

हल्ली एवढाच फरक पडला होता की दर्शना स्टूल थोडं फिरवून, उजवी बाजू घराकडे करून बसत असे. ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा तिला तसं वाटत होतं.

सर्दी असताना उडायचं नाही, हा नियम हवाई सुंदरींना प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवसांत शिकवतात. सर्दीसाठी सुट्टी मागणारी मुलगी ड्युट्यांचं रोस्टर लावणाऱ्यांच्या मनात कशी राहून जाते, ते पुढे बरोबरच्या मुली शिकवतात. श्रावणात दर्शनाला सर्दी झाली, तेव्हा तिच्या कराराचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं. तिने नाकात थेंब घातले आणि ती गेली. विमान खाली उतरू लागलं तसा तिच्या डाव्या कानात कोणी खिळा ठोकावा तशी कळ उठली. दोन कागदी पेल्यांत गरम पाण्यातून पिळलेले टिश्यू घालून ते पेले कानांवर दाबून धरायचे, हा त्यांच्यातला हातचा उपाय. रडणाऱ्या बाळांच्या आयांना ती तोच सांगत असे. आपल्या आसनावर पट्टा बांधून तिने पेले धरले. आत काहीतरी फुटल्यासारखं झालं, पेल्यात ऊन ओल उतरली आणि दुखणं एकदम थांबलं. कान मोकळा झाला, असं समजून तिने सुटकेचा श्वास टाकला. पडदा फाटला की दुखणं असंच थांबतं, हे तिला ठाऊक नव्हतं. तासाभराने त्याच विमानातून ती परतही आली, आणि पुढेही उडत राहिली.

परळच्या कानाच्या डॉक्टर, सुचित्रा प्रधान, सावकाश बोलणाऱ्या होत्या. "पडदा भरून येईल," त्या म्हणाल्या, "पण आतलं ऐकणं गेलंय. ते परत येणार नाही. तुम्ही उडत राहिलात आणि उजव्या कानाला असंच झालं, तर मग काहीच उरणार नाही. कंपनीला कळवा."

दर्शनाने कळवलं नाही. घर तिच्या पगारावर चालत होतं. शिवाय जमिनीवरच्या कोणत्या कामासाठी आपण शिकलो आहोत, हा प्रश्न तिने स्वतःला विचारून पाहिला होता.

मग गेल्या आठवड्यात विमानात बरोबर काम करणाऱ्या प्रितीचा पाय मोडला. दोघी खाण्याच्या एकाच ट्रॉलीच्या दोन टोकांना होत्या. हवा खराब होती. 'कर्मचाऱ्यांनी बसून घ्यावं' अशी कॉकपिटमधून घोषणा झाली. दर्शनाच्या उजव्या कानापाशी एक बाळ किंचाळत होतं आणि डावा कान तर भिंतच होता. प्रिती बसायला वळली. दर्शनाने मात्र पुढच्या रांगेकडे जायला ट्रॉलीचा ब्रेक काढला. विमान हवेच्या खळग्यात आदळलं, ट्रॉली उचलली गेली आणि प्रितीच्या घोट्यावर पडली.

परवा माहीमहून प्रितीचा फोन आला होता. "प्लास्टरवर सगळ्यांनी सह्या केल्यात, तुझी जागा ठेवलीय," ती हसून म्हणाली. मग आवाज उतरला. "चौकशीत माझं नाव लावतायत गं. सीनियर मी होते ना. तुला अनाउन्समेंट ऐकू आली होती का?"

"नाही गं. ते बाळ रडत होतं."

"बघ! मीपण तेच सांगितलंय. तुझ्या टोकाचा स्पीकरच खराब असणार."

आज आरशासमोर बसल्यावर दर्शनाला ते वाक्य आठवत होतं. ओठांना रंग लावताना आरशात तिला मागे कुशाबा दिसला. त्याने चहाच्या कपाकडे बोट केलं, त्याचे ओठ हलले.

"घेते बाबा," ती म्हणाली, "एवढी लिपस्टिक झाली की."

शेवंतीबाईंनी मोरीतून डोकं बाहेर काढलं. "कोणाशी बोलतेस गो?"

"बाबा म्हणाले ना, चहा थंड झाला."

"ते कुठे काय बोलले? मी इथेच आहे."

दर्शनाचा हात थांबला. कुशाबा मुद्दामच बोलला नव्हता; त्याने फक्त ओठ हलवले होते. सारी उमर त्याने कापडगिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, काढली होती. तिथल्या खडखडाटात कोणाचा आवाज कोणाला पोचत नसे. माणसं ओठांनी आणि बोटांनी बोलत, आणि हळूहळू कान रजा घेत; त्याचे दोन्ही तसेच गेले होते. ती भाषा त्याने लेकीला कधी शिकवली नव्हती. तरीही तिला ती येऊ लागल्याचं त्याला काही दिवसांपासून दिसत होतं.

तो तिच्यासमोर येऊन बसला. एरवी घर दणाणून सोडणारा त्याचा आवाज त्याने आतच ठेवला. 'कधीपासून?' त्याचे ओठ म्हणाले.

'श्रावणापासून.' तिनेही आवाज काढला नाही.

'एकच?'

'डावा.'

कुशाबा भरभर सांगू लागला, जणू इतकी वर्षं जपून ठेवलेलं काही अखेर वारशात द्यायला सापडलं होतं. 'माणूस उजव्या अंगाला ठेव. तोंडाकडे बघ. लोक हसले की मग हस, आधी नको. नाही कळलं तर खोकला काढ. गिरणी बंद होईपर्यंत मी कोणाला कळू दिलं नाय. तुझंही निभेल.'

त्याच्या चेहऱ्यावर माया होती, आणि तीच तिला बघवेना. यापुढची आपली सारी वर्षं तिला त्या हलणाऱ्या ओठांवर दिसली.

"विमानात धूर झाला तर?" तिने विचारलं. या वेळी आवाज फुटला.

'कसला धूर?'

"कसलाही. ओठ दिसत नाहीत तेव्हा, बाबा."



"काय चाललंय दोघांचं?" शेवंतीबाई ओले हात पुसत आल्या. दर्शनाने त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. त्या एकदम उसळल्या. "वाच्यता करू नको! एक आहे ना धड? ह्यांनी दोन्ही घालवून संसार केला. विमानातून खाली उतरवलेल्या पोरीला कोण उभं करतंय?"

"कोणी नाही," दर्शना म्हणाली.

खाली गाडी लागली. हॉर्न वाजला तो कुशाबाला ऐकू आला नाही. पण दर्शनाची मान वळलेली त्याने पाहिली.

तिने गॅलरीत जाऊन फोन उजव्या कानाला लावला. "दर्शना तावडे. आजच्या फ्लाइटला मला अनफिट लावा. डाव्या कानाने ऐकू येत नाही."

रोस्टरवर उन्मेष होता. ओळखीचा, बरा मुलगा. "मॅडम, सर्दी म्हणून टाकतो ना. कान लिहिलं की कायमचं ग्राउंडिंग होईल, परत उडता येणार नाही."

"कानच लिही."

"कसं झालं? सर्दी असताना उडाला होतात?"

"हो."

"मग ड्युटीवरची इजा म्हणून धरणार नाहीत, मॅडम. उलट तुमच्यावरच येईल."

"माहीत आहे. आणि प्रितीच्या चौकशीत सांग, ब्रेक मी काढला होता. घोषणा मला ऐकू आली नाही. स्पीकर चांगला होता. मी लेखी देते."

"ओके मॅडम," तो म्हणाला.

तिने वाकून ड्रायव्हरला हाताने जायला सांगितलं. त्याने वर पाहिलं, खांदे उडवले आणि गाडी काढली. आत येऊन तिने थेंबांची बाटली मोरीत उपडी केली. मग ती आरशासमोर बसली आणि एकेक पीन काढून डबीत टाकू लागली. शेवंतीबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्या रडत होत्या की बोलत होत्या, ते दर्शनाला कळलं नाही. त्या तिच्या डाव्या बाजूला होत्या.