सतरंजीवरची तिसरी जागा

मी सतरंजी बोलतेय. मला 'दरी' म्हणू नका बरं. वसुलीचे साहेब हिंदीत तेच म्हणतात, पण अंजनाबाईंच्या मराठी घरात दरी म्हणजे खोल खड्डा, आणि मी तर पाच बायकांना मांडीवर घेऊन बसणारी.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि लहान कर्ज देणाऱ्या कंपन्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, शिरल्या. तारण नको, फक्त पाचजणींचा गट हवा. एकीची किस्त चुकली की उरलेल्या चौघींनी भरायची. गट झाला तेव्हा वर्गणी काढून मला अभनपूरच्या बाजारातून आणलं. दर बुधवारी सकाळी आठला अंजनाबाई मला अंथरतात. प्रत्येकीची जागा ठरलेली. तिसरी कलावतीची; सुरुवातीची प्रतिज्ञा तिनं सांगायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची. पैसे पूर्ण जमेपर्यंत माझ्यावरून कुणी उठायचं नाही, असा नियम. खरं सांगते, त्याचा मला तोराच होता.

त्या बुधवारी तिसरी जागा रिकामी राहिली.

"दीदी, पैसा पूरा होगा तभी सब उठेंगे," साहेब म्हणाले. साडेआठ वाजले. कुणी कुणाकडे बघेना. गटातली प्रेमला माझ्या कडेचे दोरे उपटत होती.

"मले नऊले शंकर नगरात कामावर पोचा लागते," ती म्हणाली. "आज खाडा झाला तं काम जाते. ते कलावती काहून तोंड लपवून राहिली? चला, तिची शिलाई मशीन उचलून आणू."

"आधी तिच्या दारात बसू," अंजनाबाई म्हणाल्या. "लाजेनं तरी देईल."

वसुलीसाठी उठायला साहेबांची ना नव्हती; तेही मागोमाग आले. चौघींनी मला गुंडाळून काखेत मारलं आणि कलावतीच्या दारात अंथरलं. शेजारची दारं उघडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कलावती बाहेर आली. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"हात मोडला, तं सांगतलं काहून नाही?" अंजनाबाईंनी विचारलं.

"सांगून का होते, बाई? किस्त तं तुमालेच भरा लागली असती."

प्रेमला तरीही आत शिरली. मशीन गेली तर कलावतीनं हात बरा झाल्यावर तरी काय शिवायचं? पण तिनं अडवलं नाही. ती तिसऱ्या जागेवर येऊन बसली आणि सवयीनं म्हणाली, "हम एक-दूसरे का साथ देंगे."

मागून एकही आवाज आला नाही. आत प्रेमलाचा हात मशीनवर तसाच राहिला. मग ती बाहेर आली, आपल्या जागेवर बसली आणि पदराची गाठ सोडू लागली. बाकीच्या तिघींनीही सोडली.

किस्त भरली गेली. नऊ केव्हाच वाजून गेले होते. प्रेमलाचं काम गेलं, ते गेलंच. प्लास्टर निघायला अजून तीन बुधवार आहेत आणि कलावतीवरचा तिचा राग काही गेलेला नाही. पण तिनं उसवलेल्या माझ्या कडेला कलावती डाव्या हातानं टाके घालते, वाकडेतिकडे, आणि प्रेमला तिला सुई ओवून देते.

माझा तोरा उतरला. बायांनो, एखादीची जागा रिकामी दिसली, तर नियम मोडून उठा आणि तिच्या घरी जाऊन या. मला मात्र सोबत नेऊ नका.