पाहुणा आवाज

इंदुमतीचा आवाज सकाळी चहाच्या पहिल्या घोटासरशी घशातून निघाला आणि कपाटावरच्या बोलक्या खेळण्यात जाऊन बसला. ओठ हिचे हलायचे, शब्द तिकडून यायचे. दिरांनी फार वर्षांमागे तिच्या मुलीसाठी अमेरिकेहून आणलेला तो केशरी डबा. बटणं दाबून वरच्या काचेत हिरव्या अक्षरांनी इंग्रजी शब्द जुळवायचे, चुकलं की आतला साहेब न रागावता पुन्हा विचारायचा. आज साहेब जरा सरकून बसला होता आणि डबा तिच्या आवाजात म्हणत होता, "अगं बाई, हे काय!"

आता बोला! दुसऱ्या कुणाचा आवाज गेला असता तर घराला तेवढीच शांतता. पण इंदुमती कराडच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारायची. तिने पुकारल्याशिवाय गाडी फलाटावरून हलतच नसे, आणि आज एकही हलली नव्हती. ड्रायव्हर स्टेअरिंगवर डोकं टेकून झोपले होते. त्यांच्या दाढ्या वाढत चालल्या होत्या.

त्यात डब्यातला आवाज जड होऊ लागला. तिने डबा काखोटीला मारला आणि बाबू तांबोळीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान गाठलं.

बाबूने डबा उघडला, भिंग लावलं आणि कामच विसरला. "वा रे वा! ताई, बघा तरी."

तिने पाहिलं. हिरव्या पट्टीवर बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा, दोन्ही बाजूंना मुंगळ्यासारखे पाय. त्यात एक घसा चालू होता. एकीकडून भुंग्याची गुणगुण आत यायची, दुसरीकडून नुसती फुसफुस. मधली इवलीइवली दारं उघडझाप करायची, की पलीकडे तिचा आवाज तयार. ना जीभ, ना दात! एवढ्या देखण्या जागी आपला आवाज उतरलाय म्हणून तिला अभिमानच वाटला.

"कुणी केलं असेल हो हे? हात जोडावेत त्यांना," ती म्हणाली. डब्यात शेवटचा शब्द रेंगाळत खाली गेला.

"सेल उतरलेत," बाबू म्हणाला. "नवे आहेत माझ्याकडे, पण गोची आहे. साहेबाचे शब्द आत पक्के भाजलेले, ते कुठे जात नाहीत. तुमचा आवाज पडला पाहुणा. जुने सेल काढले की क्षणभर अंधार. तेवढ्यात तो जायचा."

"आणि नाही काढले तर?"

"मग हळूहळू जाईल."

दुकान एव्हाना अरुंद झालं होतं. भिंती तिच्या खांद्यांना टेकल्या होत्या आणि त्या केशरी होत्या. इंदुमतीने मन घट्ट केलं. सेलच्या जागी जिथे तारा येतात, तिथल्या दोन पत्र्यांवर तिने दोन्ही हातांची बोटं दाबली.

"तेवढा वेळ मी धरते," ती म्हणाली.

बाबूने जुने सेल काढले. डब्यावरची हिरवी अक्षरं विझली नाहीत. उलट डबा खणखणीत बोलला, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. चिपळूणला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवरून सुटत आहे." लांब स्टँडवर एक गाडी घरघरली आणि निघाली.

"शाब्बास, ताई!" बाबू ओरडला. इंदुमतीला आनंदाने रडू आलं.

"घ्या, आता नवे घालतो." त्याने डबा उलटसुलट पाहिला. तो तिच्या बोटांभोवती गुळगुळीत मिटला होता, सेलची जागा कुठेच नव्हती. बाबू शोधत शोधत तिच्यामागे गेला. पाठीवर एक झाकण सरकल्याचं आणि आत गार वारा शिरल्याचं तिला कळलं.

"हां, इथे आहे की," बाबू म्हणाला. "चारच लागतात." त्याने नवे सेल सदऱ्याला पुसले. "पण ताई, आधी जुने काढावे लागतील."