बिदाईला वन्स मोर

विनोदी नाटकात खरं रडायचं नाही, हा माझा कायदा आहे. नटी खरंच रडायला लागली की प्रेक्षक हळहळतात, आणि हळहळलेल्या माणसाला परत हसवता हसवता दिग्दर्शकाच्या नाकी नऊ येतात. इतकी वर्षं घाटंजीत नाटकं बसवून राहिली मी. हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

आमच्या मंडळाचं नाव चतकोर. पहिल्या बैठकीला अख्ख्या गावाला आवतण दिलं होतं, आले चतकोर, म्हणून तेच नाव ठेवून दिलं. मी कुंदा, पोस्टातून रिटायर झालेली. दिग्दर्शन माझं, आणि एखाद्या भूमिकेला बाई मिळाली नाही तर ती भूमिकाही माझीच. आमचे हे, म्हणजे अनंतराव, पडदा ओढतात. जन्मभर तहसीलमध्ये मान वर न करता नोकरी केली, स्टेजवर उभं केलं की प्रेक्षकांकडे पाठ करतात. मग दोरी दिली हातात. दोरी मात्र चांगली सांभाळतात, उगीच कशाला नाव ठेवू.

प्रयोग आम्ही बाजाराच्या दिवशी दुपारी लावतो. आजूबाजूच्या गावांतून लोक आलेलेच असतात, पिशव्या भरून झालेल्या असतात आणि परतीच्या ऑटोला वेळ असतो. आमच्या पहिल्या रांगेत मेथीच्या जुड्या बसतात, कधी कोंबड्याही बसतात. एका वर्षी नायिकेच्या गाण्यात कोंबडा आरवला आणि टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. ती नायिका मीच होती, पण जाऊ द्या.

यंदाचं नाटक ‘नवरी निघेना’. गाण्यांचं, धमाल नाटक, आम्हीच जुळवलेलं. बिदाईच्या वेळी नवरी आईच्या गळ्यात पडते आणि सोडतच नाही. वऱ्हाड ताटकळतं, गाडीवाला भांडतो, नवरदेव उभ्या उभ्या झोपतो. नवरदेव म्हणजे शाम. त्याचं मोबाइलचं दुकान आहे, आणि तो नुसता उभा राहिला तरी लोक हसतात. नवरीची आई मी. नवरी बबिता.

बबिता इथून जवळच्याच तांड्यातली, बंजाऱ्याची पोरगी. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. गळा असा की माईकची गरज नाही. तिचा नवरा संघर्ष आमच्याच मंडळात ढोलकी वाजवतो. दोघांचं जमलं ते आमच्या तालमीत, म्हणजे त्यात थोडं पाप आमचंही आहे. जात वेगळी, म्हणून यवतमाळला जाऊन रजिस्टर लग्न केलं. तेव्हापासून तिची आई, जमनीबाई, तिच्याशी बोलत नाही. बाप, उत्तमसिंग, बायकोची नजर चुकवून फोन करतो. पण बाजारात बबिता समोरून आली की जमनीबाई टमाटरांकडे पाहत बसते. विकत काही घेत नाही, नुसती पाहते.

“काकू, याडी येईन काय वं नाटकाले?” बबिता मला प्रत्येक तालमीत विचारायची. याडी म्हणजे आई.

“बाजाराले येते नं ती? मग येईन,” मी म्हणायची. दुसरं काय सांगू? तिला नाटकाची हौस होतीच, पण यंदा सगळा जीव तिथं अडकला होता. आई येईल, आपल्याला पाहील, आणि पाहिल्यावर एखादा शब्द तरी बोलेल. मला हे सगळं कळत होतं. पण मला बिदाईच्या प्रवेशात हशा पाहिजे होता आणि तो काही केल्या येत नव्हता.

कारण ही पोरगी रडायचीच मुळी बेकार. “अगं, नाकात माशी गेल्यावानी हूं हूं काय करते?” मी तिला ओरडली. “मोठ्यानं रड, लांबव जरा. लोकांना वाटलं पाहिजे, ही काही आज थांबत नाही!”

आणि मग मला ढावलो आठवला. एकदा तांड्यातल्या लग्नाला गेली होती मी. तिथं नवरी निघताना एकेकीच्या गळ्यात पडून रडते, पण सुरात रडते. शब्द असतात, चाल असते, कडव्यामागून कडवं चालूच राहतं. त्या रडण्याला ढावलो म्हणतात. मला तर हर्षच झाला. सुरात रडणं! संगीत नाटकाला अजून काय पाहिजे?

बबितानं मान हलवली. “ते असंच नाही म्हणत काकू. लगनातच म्हणतात.”

“म्हटलं तर काय होते? आभाळ कोसळते?”

“होत काही नाही. पण एकीनं सुरू केलं की दुसरीनं गळ्यात घेऊन जवाब द्याच लागते. नवरीले एकटी रडू देत नाहीत आमच्यात.”

“मग मी कायले आहे? आई मीच आहे नं नाटकात? मी घेते गळ्यात.”

 ती म्हणाली, “मले येतही नाही पुरा. लगन ठरलं की बाया बसवून शिकवतात. माह्यं कुठी ठरलं? मीच ठरवलं.”

कोपऱ्यात संघर्ष ढोलकीची दोरी ताणत होता. त्यानं मान वर केली नाही.

“जेवढं येते तेवढं म्हण,” मी म्हटलं. “तेवढंच परत परत. उलट जास्त हसतीन.” शेवटी तयार झाली. तालमीत म्हटलं आणि आमची मंडळी हसून हसून लोळली. शामनं तर मध्येच घोरायची जागा शोधून काढली. मी खूश.

प्रयोगाच्या दिवशी अनंतरावांनी पडद्याच्या फटीतून पाहून खबर आणली. “आली. तिसऱ्या रांगेत, तांड्यातल्या बायांसंगं. पिशवी मांडीवर घेऊन बसली.”

बबिताचा चेहरा एकदम उतरला. “काकू, मी ढावलो नाही म्हणत. याडीसमोर नाही. ते गंमत नाही तिच्यासाठी.”

“बाप्पा! आता सांगते हे? पाच मिनिटांवर पडदा आला आणि आता?” माझं टाळकंच सटकलं. “आई यावी म्हणून इतके दिवस माझं डोकं खाल्लं, आता आली तर तोंड लपवते? गुपचूप म्हणायचं. बाकी मी सांभाळून घेईन.”

पहिला अंक रंगला. शामच्या गाण्याला वन्स मोर आला, आणि वन्स मोर आला की आम्ही गाणं परत म्हणतो म्हणजे म्हणतोच. घसा बसो की ऑटो सुटो. प्रेक्षकांचा तो हक्क आहे असं मी मानते. शामनं दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदाही म्हणायला निघाला होता, मी विंगेतून डोळे वटारले तेव्हा थांबला.

मग बिदाई. बबिता माझ्या गळ्यात पडली आणि तिनं सूर लावला. पहिल्या ओळीलाच हशा. मी ठरल्याप्रमाणे तिच्या पाठीमागून घड्याळ पाहिलं, पुन्हा हशा. शामनं जांभई दिली, लोक खुर्चीत मागेपुढे व्हायला लागले. सगळं जसं बसवलं होतं तसंच चाललं होतं. फक्त तिसऱ्या रांगेत कोणी हसत नव्हतं. तिथल्या बायांनी पदर तोंडाला लावले होते.

बबिताला येत होतं तेवढं संपलं. मग ती तेवढंच परत म्हणायला लागली. दोन ओळी, आणि मग नुसतं याडी, याडी. माझ्या खांद्यावर तिचं डोकं होतं. मी कानात म्हटलं, “छान चाललं, अजून लांबव.” पण ती माझं ऐकत नव्हती. ती अभिनय करत नव्हती, हे मला तिच्या अंगाच्या कापण्यावरूनच कळलं. मनात म्हटलं, झालं वाटोळं.

तेवढ्यात जमनीबाई उठली. पिशवी शेजारणीच्या मांडीवर ठेवली आणि बाजूच्या पायऱ्यांनी सरळ स्टेजवर आली. लोकांना वाटलं हे नाटकातच आहे. टाळ्या वाजल्या. कोणीतरी ओरडलं, “आली रे खरी सासू!”

ती माझ्यासमोर उभी राहिली. “सरका बाई.”

मी ओठ न हलवता म्हटलं, “जमनीबाई, नाटक आहे हो.”

“दिसते मले. आंधळी नाही मी.” तिनं बबिताच्या डोक्यावर हात ठेवला. “पोरगी ढावलो म्हणून राह्यली. कवाची याडी याडी करून राह्यली, कोनी जवाब देत नाही तिले. तुमाले येते काय?”

मला येत नव्हतं. मी सरकली.

बबितानं डोळे उघडले, समोर आई. तिचा सूर तुटला. जमनीबाईनं तिला गळ्यात घेतलं आणि जिथं तुटला होता तिथूनच उचलला. आवाज जाड, बाजारात भाव करणारा, पण काय सांगू, अख्ख्या सभागृहात भरला. ती एक ओळ म्हणायची आणि थांबायची. बबिता ती मागून म्हणायची. चुकली की जमनीबाई तोच शब्द परत म्हणायची, बरोबर येईपर्यंत. लग्न ठरल्यावर जे शिकवायचं राहून गेलं होतं ते ती तिथं उभं राहून शिकवत होती. दोघींच्या गालांवरून धारा लागल्या होत्या.

आणि लोक हसत होते. मीच त्यांना इतका वेळ हसायला लावलं होतं, ते आता कशाला थांबतात? शाम तर नंबर एकचा भैताड, त्यानं संधी साधून घोरणं सुरू केलं. माझा हात शिवशिवत होता. तिकडून अनंतराव दोरी धरून मला खुणावत होते, पाडू काय? मी मानेनंच नाही म्हटलं. एवढा हशा मी जन्मात कधी मिळवला नव्हता आणि मला तो नको झाला होता. पण पडदा पाडला असता तर त्या दोघींचं अर्धवट राहिलं असतं. मी आपल्याच नाटकात भिंतीला टेकून उभी होती आणि रडत होती. रागही येत होता, बरंही वाटत होतं.

संघर्ष स्टेजच्या कडेला बसला होता. बिदाईला त्याचा ठेका होता, तो त्यानं सोडला नव्हता. मान खाली घालून अगदी हळू वाजवत होता. थांबलो तर उठावं लागेल, आणि उठलो तर कुठं जावं, असं झालं असेल बिचाऱ्याचं. लग्न झाल्यापासून या बाईनं त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

ढावलो संपला. जमनीबाईनं पदरानं पोरीचं तोंड पुसलं, मग आपलं पुसलं. आणि मागून आरडाओरडा सुरू झाला. “वन्स मोर! वन्स मोर!” शिट्ट्या, खुर्च्यांवर थापा. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. वन्स मोर आम्ही कधी नाकारला नाही, हे अख्ख्या घाटंजीला माहीत आहे.

“काय म्हणतात हे?” जमनीबाईनं विचारलं.

“पुन्हा म्हण म्हणून राह्यले, याडी,” बबिता म्हणाली.

जमनीबाई प्रेक्षकांकडे वळली. रागावली नव्हती, तिला नवलच वाटलं होतं. “पुन्हा?” ती म्हणाली. “काहून? पोरगी काय दोनदा लावून देत असतात?”

या वाक्याला जो हशा झाला त्यानं वरचे पत्रे हलले असतील. ती थांबली नाही. तिनं बबिताचं मनगट धरलं आणि निघाली. मुंडावळ्या बांधलेला शाम वाटेत उभा होता, घोरायचा थांबून दात काढत. तिनं त्याला एका हातानं बाजूला केलं आणि सरळ स्टेजच्या कडेला गेली. ठेका तुटला.

संघर्षनं वर पाहिलं.

“ढोलकी खाली ठेवा, जवाई,” जमनीबाई म्हणाली. “हात रिकामे करा.”